टेसरॅक्टचे मराठी पॅकेज बसवताना प्रत्येक वेळी कर्नलचीच त्रुटी येते. आता सोर्सवरून बिल्ड करावे का?

पानोपानी (मूळ प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनालयातील जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून त्यांतील मजकूर शोधण्याजोगा करण्याचे काम आम्ही काही जणांनी हाती घेतले आहे आणि त्यासाठी टेसरॅक्ट हा अक्षरओळखीचा प्रोग्राम मला माझ्या लॅपटॉपवर बसवायचा आहे. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. मुळात त्यावर २०.०४ होते, ते तसेच पुढे अपग्रेड केले. डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली आहे, म्हणजे सुरू होतानाच पासफ्रेज विचारली जाते.

पॅकेजेस बसवणाऱ्या ॲप्ट या प्रोग्रामला मी दिलेली कमांड साधी आहे (वाचण्याच्या सोयीसाठी इथे देवनागरीत लिहितो):

सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार

बराच मजकूर स्क्रीनवरून सरकतो आणि शेवटी हे दिसते:

एरर्स वेअर एन्काउंटर्ड व्हाइल प्रोसेसिंग:
लिनक्स-इमेज-६.८.०-६५-जेनेरिक
लिनक्स-इमेज-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४
ई: सब-प्रोसेस /यूएसआर/बिन/डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)

टेसरॅक्ट काढून पुन्हा बसवून पाहिले, ॲप्टचा भारतातील मिरर बदलून मुख्य सर्व्हर लावला, 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही कमांडही चालवली. शेवटच्या ओळी त्याच राहतात. डिस्कवर जवळपास २०० जीबी जागा मोकळी आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न नसावा. मी कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, हातही लावलेला नसताना त्याचे नाव मध्येच का येते, हे मला उमगत नाही. ॲप्टचा नाद सोडून टेसरॅक्ट सोर्सवरून बिल्ड करावे, असे आता वाटू लागले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

झटपट_उबुंटू

अशा वेळी बहुधा लॉक, म्हणजे एका वेळी एकाच प्रोग्रामला पॅकेजेस बसवू देणारा अटकाव, अडकलेला असतो. /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड आणि त्याच फोल्डरमधील लॉक या दोन्ही फाइली आरएम या फाइल पुसण्याच्या कमांडने काढून टाकाव्यात, त्यानंतर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. माझे काम नेहमी असेच होते.

शेलकर

वरील सल्ला कृपया अमलात आणू नये. विशेषतः रीस्टार्ट तर आत्ता मुळीच करू नये. त्याचे कारण पुढे येईलच.

लॉकचा अडथळा असता तर संदेशात 'कुड नॉट गेट लॉक' असे शब्द आले असते आणि ती फाइल कोणत्या प्रोसेसने धरली आहे तिचा क्रमांकही छापला गेला असता. इथे तसे काहीच नाही. ॲप्ट कामाला लागला आहे आणि काम करता करता अडला आहे. शिवाय ती लॉक फाइल डिस्कवर कायमच असते. तिचे नुसते असणे म्हणजे लॉक नव्हे. चालू प्रोसेसने कर्नलकडून तिच्यावर मिळवलेला ताबा म्हणजे लॉक, आणि प्रोसेस संपली की तो आपोआप सुटतो. पार्श्वभूमीवर अनअटेंडेड-अपग्रेड्स हा आपोआप चालणारा प्रोग्राम सुरक्षा अद्यतने बसवत असताना ती फाइल उडवली तर दोन प्रोग्राम एकाच वेळी डीपीकेजीच्या, म्हणजे ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामच्या, नोंदवहीत लिहू शकतात आणि मग खरोखरच निस्तरण्याजोगा घोळ होतो. लॉकचा संशय आलाच तर 'सुडो एलएसओएफ' या कमांडला त्या फाइलचा पत्ता देऊन ती कोणाकडे आहे ते पाहावे आणि ते काम संपेपर्यंत थांबावे.

पानोपानी, आपण दिलेल्या ओळी हा निकालाचा केवळ गोषवारा आहे. डीपीकेजी सर्व पॅकेजेस हाताळून झाल्यावर अखेरीस फक्त नापासांची यादी छापतो. कोण का नापास झाले, हे त्याच्या बरेच वर लिहिलेले असते. स्क्रीनवरचे निसटले असले तरी हरकत नाही, कारण ॲप्ट टर्मिनलवरचा सगळा मजकूर /व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग या फाइलमध्ये साठवतो. त्यात शेवटच्या 'लॉग स्टार्टेड' या ओळीपासून खाली वाचत यावे आणि 'एरर' हा शब्द जिथे प्रथम येतो तिथल्या दहा-बारा ओळी इथे द्याव्यात. त्याबरोबर पुढील चार कमांडचे उत्तरही द्यावे (टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरे आणि रोमन अंक वापरावेत):

डीएफ -एच /बूट
यूनेम -आर
डीपीकेजी -एल 'लिनक्स-इमेज*'
टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज

आपली प्रणाली मराठीत असेल तर कमांडच्या आधी 'एलसी_ऑल=सी' लिहावे. ॲप्टचे संदेश मराठीतही उपलब्ध आहेत, पण त्रुटी शोधताना मूळ इंग्रजी शब्द हाती असले तर शोध फार सोपा जातो.

पानोपानी

आभारी आहे. टर्म.लॉगमध्ये पहिली त्रुटी अशी आहे:

अपडेट-इनिट्रामएफएस: जनरेटिंग /बूट/इनिट्रड.आयएमजी-६.८.०-६५-जेनेरिक
झेडएसटीडी: एरर ७०: राइट एरर: कॅनॉट राइट ब्लॉक: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस
अपडेट-इनिट्रामएफएस: फेल्ड फॉर /बूट/इनिट्रड.आयएमजी-६.८.०-६५-जेनेरिक विथ १

डीएफच्या उत्तरात /बूटचा आकार ७०५ एम, वापर ६५३ एम, शिल्लक १.१ एम आणि १०० टक्के असे दिसते. बेरीज जुळत नाही हेही लक्षात आले. यूनेमचे उत्तर ६.८.०-६४-जेनेरिक आहे. कर्नलच्या यादीत ५.१५.०-९७, ६.५.०-४५, ६.८.०-६० आणि ६.८.०-६४ यांच्यापुढे 'आयआय' आहे, तर ६.८.०-६५पुढे 'आयएफ' आहे.

आश्चर्य म्हणजे टेसरॅक्टच्या कमांडने इंग्लिश, मराठी आणि ओएसडी अशी तीन नावे दाखवली. म्हणजे ते बसलेले आहे का?

शेलकर

होय, टेसरॅक्ट बसलेले आहे आणि बहुधा पहिल्याच प्रयत्नात बसले होते. 'डीपीकेजी -एल टेसरॅक्ट-ओसीआर-मार' पाहिल्यास त्याच्यापुढेही 'आयआय', म्हणजे पूर्ण बसल्याची खूण, दिसेल. त्यामुळे सोर्सवरून बिल्ड करण्याचे काहीच कारण उरत नाही. तसे केले असते तर 'मेक इन्स्टॉल'ने फाइली /यूएसआर/लोकलमध्ये टाकल्या असत्या, डीपीकेजीला त्यांचा पत्ता लागला नसता आणि एकाच मशीनवर दोन टेसरॅक्ट नांदू लागली असती. कर्नलची त्रुटी मात्र पुढचे कोणतेही पॅकेज बसवताना पुन्हा उभी राहिली असती.

कर्नलचे नाव का येते, याचे उत्तर ॲप्ट आणि डीपीकेजी यांच्या कामाच्या वाटणीत आहे. डीपीकेजी हा १९९४पासूनचा जुना गडी. हाती दिलेले पॅकेज उलगडणे, त्याची मांडणी पूर्ण करणे आणि कोण कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद ठेवणे एवढेच त्याचे काम. कोणते पॅकेज कुठून आणायचे आणि त्याला आणखी काय लागते हे ठरवणारा ॲप्ट त्याच्यावर नंतर आला. डेबियनमध्ये तो १९९९च्या २.१ आवृत्तीपासून आहे. आपण ॲप्टला काहीही बसवायला सांगितले तरी आधीची अर्धवट राहिलेली पॅकेजेस पुरी करण्याचा प्रयत्न त्याच फेरीत होतो. ६.८.०-६५ हे कर्नल अनअटेंडेड-अपग्रेड्सने सुरक्षा अद्यतन म्हणून आपल्या नकळत आणले असावे. ते उलगडले गेले, पण मांडणीच्या टप्प्यावर अडले. 'आयएफ' या खुणेतील 'एफ' म्हणजे अर्धवट मांडणी झालेले पॅकेज. त्यानंतर आपण टेसरॅक्ट मागवले काय किंवा एखादा फाँट मागवला काय, प्रत्येक फेरीत हे कर्नल पुन्हा प्रयत्न करणार, पुन्हा नापास होणार आणि शेवटच्या ओळीत त्याचेच नाव येणार.

आता जागेविषयी. डिस्क एन्क्रिप्ट असल्याने ग्रबला, म्हणजे सुरुवातीला कर्नल चालू करणाऱ्या प्रोग्रामला, कर्नल वाचता यावे म्हणून /बूट हे स्वतंत्र, उघडे पार्टिशन असते. आपल्या २०० जीबींचा त्याला काडीचाही उपयोग नाही. २०.०४च्या इन्स्टॉलरने ते ७०५ एमबींचे केले आणि अपग्रेड करताना पार्टिशनला कोणी हात लावत नाही. न जुळणाऱ्या बेरजेतील सुमारे ५० एमबी ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेने रूट (प्रशासक) वापरकर्त्यासाठी व स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक कर्नलबरोबर तिथे एक इनिट्रड फाइल असते. मुख्य डिस्क उघडेपर्यंत लागणारे ड्रायव्हर आणि पासफ्रेज विचारणारा प्रोग्राम यांची ती कर्नलने सोबत घेतलेली शिदोरीच होय. वेगळा ग्राफिक्स ड्रायव्हर असलेल्या लॅपटॉपवर ती एकेक फाइल १०० एमबींच्या पुढे सहज जाते. चार कर्नल आधीच मुक्कामाला असताना पाचव्याची फाइल मावणे शक्यच नव्हते.

उपाय म्हणजे जुनी कर्नल रीतसर काढणे. /बूटमधील फाइली आरएमने उडवू नयेत, कारण डीपीकेजीच्या लेखी ते कर्नल बसलेलेच राहते आणि इनिट्रड फाइल बनवणाऱ्या इनिट्रामएफएस साधनाचे पुढचे एखादे अद्यतन त्याच्यासाठी ती फाइल पुन्हा तयार करू शकते. चालू असलेले ६.८.०-६४ आणि त्याच्या मागचे ६.८.०-६० ठेवावे, ५.१५ आणि ६.५ काढावे:

सुडो ॲप्ट पर्ज लिनक्स-इमेज-५.१५.०-९७-जेनेरिक लिनक्स-मॉड्यूल्स-५.१५.०-९७-जेनेरिक लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-५.१५.०-९७-जेनेरिक

अशीच कमांड ६.५.०-४५साठीही द्यावी. इमेज आणि मॉड्यूल्स अशी दोन्ही नावे लिहिण्याचे कारण असे की उबुंटूमध्ये /बूटमधील व्हीएमलिनझ ही फाइल इमेज पॅकेजात असते, पण तिच्या शेजारची सिस्टिम.मॅप आणि कॉन्फिग या फाइली मॉड्यूल्स पॅकेजातून येतात. 'होय' म्हणण्यापूर्वी ॲप्टने छापलेली 'काढली जाणारी पॅकेजेस' ही यादी सावकाश वाचावी आणि तिच्यात ६.८.०-६४ नाही ना, याची खात्री करावी. याच फेरीत ॲप्ट ६५ पुरे करण्याचाही प्रयत्न करील. जागा मोकळी होण्याआधीच त्याची पाळी आली तर जुनी त्रुटी पुन्हा दिसेल, पण त्याने घाबरू नये. ॲप्ट अवलंबनांवरून अजिबातच अडून बसला तर तीच नावे 'सुडो डीपीकेजी --पर्ज'ला द्यावीत. मात्र तिन्ही नावे एकाच कमांडमध्ये हवीत, नाहीतर ती एकमेकांवर अवलंबून असल्याने डीपीकेजी नकार देतो.

त्यानंतर:

डीएफ -एच /बूट
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
एलएस -एलएच /बूट

शेवटच्या कमांडमध्ये इनिट्रड.आयएमजी-६.८.०-६५-जेनेरिक ही फाइल शेजारच्या ६४च्या फाइलएवढ्याच आकाराची दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत रीस्टार्ट करू नये असे मी वर म्हटले, त्याचे कारण असे: आत्तापर्यंत मांडणीची साखळी इनिट्रडपाशीच तुटत असल्याने ग्रबची यादी अद्ययावत होत नव्हती आणि त्यामुळेच आपला लॅपटॉप रोज सुरळीत सुरू होत होता. जुने कर्नल काढताच ग्रब आपली यादी नव्याने बनवतो आणि त्या यादीत इनिट्रड नसलेले ६५ सर्वांत वर बसू शकते. त्या स्थितीत रीस्टार्ट केल्यास पासफ्रेज विचारलीच जाणार नाही आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असे सांगून कर्नल थांबेल. तशी वेळ आलीच तर सुरू होताना एस्केप दाबून ग्रबच्या यादीतील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जावे आणि ६४ निवडावे. माहिती सुरक्षितच असते.

इंद्रायणी_काठ

शेलकरांच्या उत्तरात एक भर. जुनी कर्नल मुळात साचली का, हेही पाहायला हवे, नाहीतर पुढच्या अद्यतनांनंतर हीच वेळ पुन्हा येईल. अनअटेंडेड-अपग्रेड्स आणि 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' हे दोघेही कालबाह्य कर्नल काढतात, पण 'मॅन्युअल' अशी खूण असलेल्या पॅकेजला ते हात लावत नाहीत. वाय-फाय चालेना किंवा आवाज येईना म्हणून कोणी केव्हा तरी एखादे कर्नल नावानिशी 'ॲप्ट इन्स्टॉल' केले असेल, तर ते पॅकेज वापरकर्त्याने स्वतः मागितले आहे असे धरून कायमचे राखले जाते. पुढील कमांडने अशी नावे कळतील:

ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल | ग्रेप लिनक्स-

त्यात ठरावीक क्रमांक असलेली इमेज किंवा मॉड्यूल्सची नावे आली, तर त्यांना 'सुडो ॲप्ट-मार्क ऑटो' लावावे. मात्र 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' या क्रमांक नसलेल्या नावाला हात लावू नये. पुढची कर्नल त्याच्याच मागोमाग येतात आणि ते मॅन्युअल असणेच योग्य.

दुसरा मार्ग इनिट्रड लहान करण्याचा आहे. /ईटीसी/इनिट्रामएफएस-टूल्स/इनिट्रामएफएस.कॉन्फ या फाइलमध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट' अशी ओळ असते. तिथे 'मोस्ट'ऐवजी 'डेप' लिहिले, तर जगभरच्या हार्डवेअरऐवजी फक्त या मशीनला लागणारे ड्रायव्हर आत घेतले जातात आणि फाइलचा आकार बराच उतरतो. मी हा बदल सरसकट सुचवणार नाही. उद्या हीच डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर ती सुरू होईलच असे नाही. करायचाच असेल तर 'सुडो अपडेट-इनिट्रामएफएस -यू' एवढेच चालवावे, म्हणजे फक्त सर्वांत नवी फाइल बदलेल आणि आधीच्या कर्नलची पूर्ण फाइल हाताशी राहील.

/बूट मोठे करण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या लगेच पुढे एन्क्रिप्टेड पार्टिशन सुरू होत असल्याने त्याची सुरुवातच सरकवावी लागते आणि एवढा धोका पत्करण्यापेक्षा माहितीचा बॅकअप घेऊन २४.०४ कोऱ्या डिस्कवर बसवणे कितीतरी सोपे पडते. अलीकडचा इन्स्टॉलर /बूटला याच्या दुपटीहून अधिक जागा देतो.

झटपट_उबुंटू

लॉक फाइल काढल्याने माझे काम आजवर झाले ते का झाले, असा प्रश्न आता पडला आहे. तेव्हा लॉक आधीच सुटलेला असावा का?

शेलकर

बहुधा तसेच. पार्श्वभूमीवरचे अद्यतन दोन-चार मिनिटांत संपते; फाइल शोधून ती काढेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो आणि श्रेय मात्र आरएमला मिळते.

पानोपानी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ५.१५ काढताना ॲप्टने कुरकुर न करता काम केले आणि ६.५ काढण्याच्या फेरीतच ६५ची मांडणी आपोआप पूर्ण झाली, त्यामुळे 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'ला करण्यासारखे काही उरले नव्हते. ते काहीही न छापता परतले. एलएसमध्ये ६४ आणि ६५ यांच्या इनिट्रड फाइली जवळपास सारख्याच आकाराच्या दिसल्यावरच रीस्टार्ट केले. पासफ्रेज विचारली गेली आणि यूनेम आता ६.८.०-६५ दाखवते. इंद्रायणी_काठ यांचा अंदाजही खरा ठरला: शोमॅन्युअलच्या यादीत ५.१५ आणि ६.५ अशा दोघांची हेडर्स (कर्नलसाठी ड्रायव्हर बांधताना लागणारी जोडपॅकेजेस) आढळली. ती आता ऑटो केली आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डीपीकेजीच्या यादीत याहूनही जुन्या, ५.४च्या दोन कर्नलपुढे 'आरसी' असे दिसते. ती अजून जागा अडवत आहेत का? आणि टेसरॅक्ट एका पानावर चालवले तेव्हा मराठी ओळींच्या जागी रोमन अक्षरांचा काला बाहेर आला. मराठीचे पॅकेज यादीत दिसत असताना असे का व्हावे?

शेलकर

'आरसी' म्हणजे पॅकेज काढलेले आहे, पण त्याच्या सेटिंग्ज मागे राहिल्या आहेत. कर्नलच्या बाबतीत त्या नगण्य असतात आणि /बूटमध्ये त्यांचे काहीच नसते. यादी स्वच्छ हवी असेल तर 'सुडो डीपीकेजी --पर्ज' या कमांडला ती दोन नावे द्यावीत. हेडर्स ऑटो झालेलीच आहेत, तेव्हा 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' एकदा चालवल्यास तीही जातील.

टेसरॅक्टला भाषा सांगितली नाही तर ते इंग्रजी धरून चालते आणि देवनागरीच्या रेषांमध्येही रोमन अक्षरेच शोधत बसते. कमांड अशी द्यावी:

टेसरॅक्ट पान.पीएनजी निकाल -एल मार

अंकांत इंग्रजी जाहिराती असतील तर 'मार'च्या जागी 'मार+इंग्लिश' या अर्थाचा कोड, म्हणजे दोन्ही भाषांची तीन-तीन अक्षरी नावे अधिकचिन्हाने जोडून द्यावीत. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नसावे. त्याखाली काना, वेलांटी आणि अनुस्वार फार गळतात, आणि ते नंतर हाताने दुरुस्त करण्यापेक्षा पान पुन्हा स्कॅन करणे परवडते.